थाई हॉटेलं सरकारने उघडलेली नाहीत

पुतण्याने लंडनात मिसळीचं हॉटेल टाकायचं ठरवलंय, आणि त्याच्या हिशेबाचा पाया काय, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मेसेज. मेसेज असा: थायलंड सरकारने 2002 साली स्वतःच्या पैशाने जगभर पाच हजार हॉटेलं उघडली. सरकारी रोबो चव तपासतो, म्हणून पॅड थाय (कढईत परतलेल्या तांदळाच्या नूडलचा थाई पदार्थ) सगळीकडे सारखंच लागतं. थाई आचाऱ्यांना कुठल्याही देशाचा व्हिसा आपोआप मिळतो. पॅड थाय हा हजार वर्षांचा पदार्थ आहे. तेव्हा मराठी माणसाने फक्त हॉटेल टाकावं, वकिलात मागे उभी राहील. लोक यावर घर गहाण टाकायला निघालेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण उरलेले सगळे त्याच्यावर उभे आहेत. जगभर थाई हॉटेलं वाढवायच्या थाई सरकारच्या योजनेवर 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने फेब्रुवारी 2002 मध्ये लिहिलं होतं. त्यातले आकडे नीट वाचा: जगात साधारण 5,500 थाई हॉटेलं आहेत आणि सरकारला 2003 पर्यंत ती 8,000 करायची आहेत. म्हणजे मेसेजमधली 'सरकारने उघडलेली' पाच हजार हॉटेलं योजनेच्या आधीच चालू होती! त्यातली कित्येक थाई कुटुंबांनी स्वतःच्या हिमतीवर चालवली होती. अमेरिकेने 1965 मध्ये बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांवरचे देशवार कोटे रद्द केले आणि थाई विद्यार्थी, कामगार तिथे स्थिरावू लागले. लॉस एंजेलिसमध्ये 1970च्या दशकाच्या सुरुवातीला 'बँकॉक मार्केट' हे दुकान सुरू झालं, तेव्हा कुठे फिश सॉस, गलांगल (आल्यासारखा कंद), गवती चहा हे सगळं एका ठिकाणी मिळू लागलं. मालाची वाट आधी तयार झाली, हॉटेलं मागून वाढली. वकिलात या चित्रात कुठेच नव्हती.

मग सरकारने काय केलं? आचाऱ्यांना प्रशिक्षण, सरकारी बँकांमार्फत कर्ज (अनुदान नव्हे, परत फेडायचं कर्ज, आणि तेही थाई उद्योजकांना), कुठल्या देशात काय चालतं याची माहिती, आणि आधीपासून चालू असलेल्या हॉटेलांना 'थाई सिलेक्ट' हे प्रमाणपत्र. त्यासाठी आचाऱ्याचं शिक्षण, थायलंडहून येणारं साहित्य आणि पदार्थांचा अस्सलपणा पाहतात. हेतू उघड होता: थाई तांदूळ, सॉस, मसाले खपावेत आणि जेवणारा उद्या पर्यटक म्हणून यावा. सरकारच्या पुढाकाराने साखळी काढायची योजनाही खरंच होती: स्वस्तातलं 'एलिफंट जंप', मधलं 'कूल बेसिल', महागडं 'गोल्डन लीफ', मिळून 3,000 हॉटेलं. ती साखळी त्या आकड्याच्या जवळपासही पोहोचली नाही. मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे ते एवढंच, आणि ते मी मान्य करतो: सरकारी धोरणाने या व्यवसायाला मागून मोठा धक्का देऊन पुढे ढकललं. पण आधीच चालत असलेल्या गाडीला.

रोबोचं. 2014 मध्ये 'ई-डिलिशस' नावाचं यंत्र थायलंडमध्ये खरंच तयार झालं. पदार्थाचा वास आणि चव सेन्सरने मोजून प्रमाण नमुन्याशी ताडून गुण द्यायचे, असं ते काम. जगभरच्या हॉटेलांत ते बसवलेलं नाही. आणि पॅड थाय बिघडतं ते कढईत. दोन प्लेटींना 150 ग्रॅम सुक्या तांदळाच्या नूडल, चिंचेचा घट्ट कोळ, ताडगूळ आणि फिश सॉस प्रत्येकी दोन मोठे चमचे. नूडल उकळायच्या नाहीत. साध्या पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवायच्या, वाकल्या पाहिजेत पण मऊ होता कामा नयेत. उकळल्या की कढईत गोळा होतो. एका वेळी दोनपेक्षा जास्त प्लेटी टाकल्या की कढई थंड पडते, पाणी सुटतं, परतण्याऐवजी सगळं वाफेवर शिजतं. चिंचेऐवजी केचप घालणारी हॉटेलं तर ढिगाने आहेत. चव सगळीकडे सारखी असती, तर प्रमाणपत्राची गरजच काय होती?

व्हिसा: न्यूझीलंडने थायलंडशी 2005 मध्ये लागू झालेल्या व्यापार करारात थाई आचाऱ्यांसाठी खास सोय ठेवली. त्यासाठी नोकरीचा देकार आणि कौशल्याचं प्रमाणपत्र लागतं. दोन देशांनी वाटाघाटी करून मिळवलेली ती सवलत आहे. कोल्हापूरच्या आचाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. हजार वर्षांचं म्हणाल तर नूडल आणि कढईत परतणं चिनी वस्तीतून आलं, आणि पॅड थायचा प्रसार थायलंडचे तेव्हाचे पंतप्रधान फिबुन सोंगखराम यांच्या राजवटीत, 1930च्या दशकाच्या अखेरीनंतर झाला.

आता मिसळ. लंडनात हिवाळ्यात स्वयंपाकघर 15 अंशांवर असेल, तर मटकीला मोड यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि फडक्यात पाणी राहिलं तर ती बुळबुळीत होऊन आंबूस वास मारते. आठ-दहा तास भिजवून, पूर्ण निथळून, ओव्हनचा फक्त दिवा चालू ठेवून आत ठेवावी. कटासाठी सुकं खोबरं आणाल ते थोडं थोडं आणि चाखून, कारण खवट खोबरं भाजून सुधारत नाही, कट अख्खा फुकट जातो. फरसाणाचंही तसंच, तेल जुनं झालं की पहिल्या घासाला कळतं. ताजा कढीपत्ता सामानातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, कारण तो लिंबूवर्गीय कुळातला आहे आणि त्यावरून झाडांचे रोग पसरतात. थाई स्वयंपाकात लागणाऱ्या मकरूत लिंबाच्या ताज्या पानांवर अमेरिकेने याच भीतीने बंदी घातली, तेव्हा थाई हॉटेलवाल्यांनी गोठवलेल्या पानांवर भागवलं.

तेव्हा पुतण्याने आधी मालाची यादी करावी: कुठली वस्तू कोण पुरवणार, किती दिवसांनी, कुठल्या कागदांवर, आणि तो पुरवठादार बंद पडला तर दुसरा कोण. यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर नाव आणि भाव लिहून झाला, की मग बँकेत जावं.