‘हल्ला’ म्हणू नका

दर पावसाळ्यात एकदा तरी हे होतं. जुहू, अक्सा किंवा गिरगावच्या वाळूवर निळ्या फुग्यांसारखं काहीतरी दिसतं, कुणाला तरी डंख होतो आणि माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, हा जेलीफिशचा हल्ला अजून किती दिवस चालेल?"

मी जेलीफिशवर काम करते, आणि या एका शब्दाचा मला खरोखर त्रास होतो. हल्ला करायचा तर आधी चालून यावं लागतं. वाळूवर दिसणारे ते निळे फुगे म्हणजे ब्लू बॉटल, आणि तिला तर पोहताही येत नाही. तिच्या डोक्यावर वायूने भरलेली पिशवी असते, त्या पिशवीवर शिडासारखी झालर असते आणि वारा नेईल तिकडे ती जाते. काहींचं शीड डावीकडे कललेलं असतं, काहींचं उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात दोन्ही प्रकार वेगवेगळ्या दिशांना लागतात आणि सगळा थवा एकाच किनाऱ्यावर फेकला जात नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून होते. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, आणि तरी वंश टिकवायची ही सोय! जूनपासून आपल्याकडे नैऋत्येचा वारा सुटतो आणि खोल समुद्रात तरंगणाऱ्या या जिवांना किनाऱ्याकडे लोटतो. वाळूवर येऊन पडणं म्हणजे त्यांचं मरण असतं.

आणि खरं तर ती जेलीफिश नव्हेच. तो एक जीवही नाही, अनेक जिवांची वसाहत आहे. तरंगणारे वेगळे, पचवणारे वेगळे, डंख मारणारे वेगळे, प्रजननाचे वेगळे, असे सगळे जन्मभर एकमेकांना जोडलेले. एका वार्ताहराला हे मी फोनवर नीट समजावून सांगितलं होतं. त्यानेही मन लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मथळा आला तो ‘विषारी जेलीफिशचा मुंबईवर हल्ला’. मला वाईट वाटलं, कारण शब्दाप्रमाणे माणसं वागतात. शत्रू आला म्हटलं की पोरं काठ्या घेऊन ठेचायला जातात, पायाने फुगे फोडतात, आणि डंख होतात ते अशाच वेळी. मेलेली ब्लू बॉटलही डंख करते. तिच्या दंशपेशी प्राणी जिवंत आहे की नाही हे पाहत नाहीत, स्पर्श झाला की सुटतात. हायड्रा या तिच्या दूरच्या नातलगात हा सुटण्याचा वेळ मोजलाय, ७०० नॅनोसेकंद. हात मागे घ्यायला सवडच नसते.

डंख झालाच तर वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा काडीने काढा, मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवा. श्वास लागला, चक्कर आली तर थेट डॉक्टरकडे जा.

दुसरा नेहमीचा प्रश्न: जेलीफिश वाढल्यात का? ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्सच्या ग्रावलिन अणुवीज केंद्रातल्या ४ अणुभट्ट्या जेलीफिशमुळे बंद पडल्या, तेव्हाही हेच विचारलं गेलं. थंड करायला समुद्राचं पाणी ओढतात, तिथल्या गाळण्या जेलीफिशने तुंबल्या आणि यंत्रणा आपोआप थांबली. आपल्या तमिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुवीज केंद्रालाही हा अनुभव जुना आहे. पण म्हणून जगभर त्या वाढल्याच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. २०१३ मध्ये जगभरच्या जुन्या नोंदी एकत्र करून एक अभ्यास झाला. त्यात दिसला तो सुमारे २० वर्षांचा चढउतार. काही समुद्रांत त्या वाढल्यात हे खरं, पण वीस वर्षांची लाट तीन दिवसांच्या बातमीत कशी मावणार?

नोंदी हव्यात, आणि कोकण किनाऱ्यावर त्या आहेत कुठे? डोलकरांच्या, म्हणजे डोल जाळं लावणाऱ्या कोळ्यांच्या डोक्यात. डोल लावणाऱ्या एका काकांकडे मी वर्षानुवर्षं जाते. बोंबील, जवळा यायच्या ऐवजी जाळं जेलीफिशने भरलं की ते ओढताना खांदे निघतात, ओढून आणलं तरी सगळं परत समुद्रातच ओतायचं. डिझेलचे पैसे गेलेच. हे कोणत्या साली झालं, वारा कुठला होता, पाणी गढूळ होतं की नितळ, हे काका वहीशिवाय सांगतात. त्यांच्यानंतर हे कोण सांगणार, या विचाराने मला झोप येत नाही.

कारण जेलीफिशचं अर्धं आयुष्य आपल्याला दिसतच नाही. बऱ्याच जातींची पिल्लं आधी पाण्याखाली कठीण जागेला चिकटून पॉलिप म्हणून जगतात, ती जागा खडक असो, शिंपला असो वा धक्क्याचा खांब. वेळ आली की एकेका पॉलिपपासून चकत्यांसारख्या जेलीफिश सुटतात. आपण किनाऱ्यावर काँक्रीट ओततो, खाड्यांत सांडपाणी सोडतो, त्यांना खाणारे आणि त्यांच्याच घासावर जगणारे मासे उपसून काढतो. त्यांना आणखी काय हवं? त्यांना खाऊन जगणाऱ्या लेदरबॅक कासवांच्या पोटात जगभर प्लास्टिकच्या पिशव्या सापडतात. पाण्यात तरंगणारी पिशवी मी स्वतः होडीतून दोनदा जेलीफिश समजले आहे. कासवाला मी कुठल्या तोंडाने दोष देऊ?

पत्रकार मित्रमैत्रिणींनो, डंखाची बातमी जरूर द्या, लोकांना सावध करा. फक्त त्यात वाऱ्याची दिशा लिहा, भरती-ओहोटी लिहा, आणि महिन्याभराने पुन्हा एकदा फोन करा. तो फोन मला आजवर आलेला नाही.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या सगळ्यांना विनंती. जेलीफिश दिसली तर हात न लावता, थोडं लांबूनच, शेजारी चप्पल किंवा पेन ठेवून फोटो काढा. तारीख, वेळ आणि किनाऱ्याचं नाव लिहून इथे कमेंटमध्ये टाका. एकही दिसली नाही, तरी "आज नाही" एवढं लिहा. मला त्या नोंदीही तितक्याच हव्या आहेत.