ऑपरेशननंतर पडलात म्हणजे ऑपरेशन वाया गेलं?

'मणक्याचं ऑपरेशन झालेल्यांनी वाचाच' असा एक मेसेज गेल्या महिन्याभरात आमच्या भिशीच्या ग्रुपवर तीनदा आला. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: ऑपरेशननंतर एकदा पडलात की ऑपरेशन वाया. पाय पुन्हा दुखू लागला म्हणजे दोन मणक्यांमधली गादी पुन्हा सरकली. अशा वेळी तीन महिने पाठीवर पडून राहा. सरकलेली नस मालीश करून बसवून घ्या. नसांच्या गोळ्यांची सवय लागते, त्या बंद करा. आणि तीन महिन्यांत बधिरपणा गेला नाही तर तो जन्माचा.

ओझरला माझा मावसभाऊ आहे, द्राक्षबाग आहे त्याची. सायटिकाचं, म्हणजे कमरेतली नस दबून पायात कळ जाते त्याचं, ऑपरेशन होऊन दीड महिना झाला होता, तेव्हा तो बांधावरून घसरून पडला. कुणीतरी हा मेसेज पाठवला आणि त्याने अंथरूण धरलं ते सात आठवडे. मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी पांघरूण बाजूला केलं. एक पोटरी दुसरीपेक्षा उघड बारीक झालेली होती. ती पोटरी काही डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण माझंही चौथ्या-पाचव्या मणक्यामधलं तेच ऑपरेशन झालंय आणि ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात मीही पडलेय.

आधी 'ऑपरेशन वाया' हे घेते. या ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात ते कळलं की अर्धी भीती जाते. दोन मणक्यांमधल्या गादीचा जो तुकडा बाहेर येऊन नसेवर बसलेला असतो, तेवढाच काढतात. बहुतेकांच्या पाठीत स्क्रू नसतात, पट्ट्या नसतात, त्यामुळे पडल्यावर 'निखळायला' आत काही बसवलेलंच नसतं. काढलेला तुकडा परत जागेवर जाऊन बसत नाही. खरा धोका वेगळा आहे. गादीच्या कडेला जिथून तो तुकडा बाहेर आला होता ती फट भरून यायला वेळ लागतो आणि तिथून नवा तुकडा येऊ शकतो. शंभरातल्या साधारण पाच ते पंधरा जणांना कधी ना कधी हे होतं, न पडताही होतं. म्हणूनच सुरुवातीचे काही आठवडे वाकणं, वजन उचलणं आणि कमरेत पिळा देणं टाळायला सांगतात. धोका आहे हे मी नाकारत नाहीच. पण शंभरातल्या पाच-पंधरा जणांची गोष्ट मेसेजने शंभरच्या शंभरांवर लादली आहे.

दुसरा मुद्दा जास्त नुकसान करतो, कारण तो ऐकायला पटतो. दुखणं परत आलं म्हणजे कारणही परत आलं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

मी पडले ती आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगच्या जिन्यात. उजव्या पायाचा अंगठा अजून नीट वर उचलला जात नव्हता, चपलेचं टोक पायरीला अडकलं आणि मी कुल्ल्यावर आपटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडीच्या मागून घोट्यापर्यंत तीच जुनी कळ. ऑपरेशनआधीचे चार महिने आठवले आणि मी रडले. डॉक्टरांनी एमआरआयचं नावही आधी काढलं नाही. मला आडवं केलं, गुडघा न वाकवता पाय हळूहळू वर उचलला आणि कळ कुठे येते ते विचारलं. अंगठ्यावर त्यांचं बोट ठेवलं आणि म्हणाले, "ढकला वर." मग टाचांवर चार पावलं चालवलं, चवड्यांवर चार पावलं. पायाची ताकद पडण्याआधी होती तेवढीच होती. "नस महिनोन्‌महिने दबलेली होती, ती अजून सुजरी आहे. तिला हादरा बसलाय, स्नायू आवळलेत. दोन आठवडे बघू," एवढंच म्हणाले. ठणका बाराव्या-तेराव्या दिवशी उतरायला लागला.

प्रत्येकाचं असंच होईल असं नाही, आणि एमआरआय लागतो तेव्हा लागतोच. शंका असेल तर शिरेतून औषध देऊन काढतात, म्हणजे आत दिसतंय तो जुन्या जखमेचा वण आहे की गादीचा नवा तुकडा, हे ओळखता येतं. पण नुसतं 'रिपोर्टमध्ये गादी फुगलेली दिसते' यावर घाबरू नका. 1994 साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या 52 टक्के लोकांची एक तरी गादी फुगलेली निघाली. रिपोर्ट आणि दुखणं यांची गाठ तपासणाऱ्या डॉक्टरच्या हातानेच बसते.

आता तीन महिने पडून राहण्याचा सल्ला. याचा मला खरोखर राग येतो. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 183 रुग्णांवर झालेला अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, निम्म्यांना झेपेल तसं हिंडू-फिरू दिलं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे 87 टक्के लोक बरे वाटतंय म्हणाले. हे रुग्ण ऑपरेशनचे नव्हते हे खरं, पण ऑपरेशन झालेल्यांना तर बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात. पडून राहिल्याने नस लवकर बरी होत नाही. मात्र पाठीचे आणि पायाचे स्नायू झडतात, पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि उठायचीच भीती बसते. पडल्यावर दोन-तीन दिवस जास्त आडवं राहावंसं वाटलं तर राहावं. माझी फिजिओ म्हणाली होती, "काकू, दर तासाला पाच मिनिटं. जास्त नको, पण चुकवायचं नाही." सुरुवातीला मी घरातच हॉलपासून मोरीपर्यंत फेऱ्या मारायचे. तिसऱ्या आठवड्यात ह्यांनी मला अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर नेलं. पहिल्या दिवशी अर्धी फेरीही झाली नाही, ह्यांचा हात धरून परत फिरले. पण चप्पल काढून मागे बंद असलेले बूट घातले ते तेव्हापासून. पाऊल नीट उचललं जात नसेल तर सगळ्यात आधी पायातली चप्पल बदला. चप्पल अडकते तशी निसटतेही, आणि बधिर पायाला ते कळत नाही.

नस 'सरकत' नाही, त्यामुळे ती 'बसवायचा' प्रश्नच येत नाही. ताज्या ऑपरेशनच्या पाठीवर कुणाला गुडघा रोवू देऊ नका, कंबर पिळून कडकन आवाज काढू देऊ नका. गावात कितीही नाव असलेला माणूस असो.

गोळ्यांबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे. प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन या नसांच्या गोळ्यांची शरीराला सवय लागू शकते, आणि नेमकं म्हणूनच त्या एका दिवसात बंद करायच्या नसतात. झोप उडते, मळमळतं, घाम फुटतो. डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. या गोळ्यांनी गरगरतही असतं, त्यामुळे रात्री बाथरूमला जाताना दिवा लावा. गरगरणं फार असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण त्या भोवळीतच माणूस पुन्हा पडतो.

राहिला बधिरपणा. दाब काढला की पायातली कळ बहुतेकदा सगळ्यात आधी जाते, ताकद सावकाश येते आणि बधिरपणा सगळ्यात मागे राहतो. नसेचे तंतू आतून तुटलेले असतील तर ते वाढतात दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम एक इंच. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मनात धरा, तीन महिन्यांची मुदत किती पोकळ आहे ते लगेच दिसेल. वर्षभर, कधी त्याहून जास्त सुधारणा होत राहते. काहींचा थोडा बधिरपणा कायमचा राहतो, हेही खरंच आहे. माझ्या अंगठ्याच्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून झोपलेली आहे. पण मी चालते, जिना चढते, रात्रभर झोपते.

मेसेजमध्ये जे हवं होतं ते मात्र त्यात कुठेच नाही. पडल्यानंतर लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, दोन मांड्यांच्या मध्ये, शौचाच्या जागी बधिर वाटलं, दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी आली, पाऊल आधीपेक्षा जास्त लोंबू लागलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. तिथे तासांना किंमत असते. टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, थंडी वाजून ताप, एकच पोटरी सुजून दुखणं, यालाही त्याच दिवशी दाखवा. आणि पडल्यावर यातलं काहीच नसलं तरी ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करून कळवा. मावसभावाने हे केलं नव्हतं. 'वाया गेलंय तर काय सांगायचं,' म्हणाला.

त्याला आम्ही गाडीत मागच्या सीटवर आडवं करून नाशिकला आणलं. नवा तुकडा नव्हता. पोटरी भरायला वेळ लागेल म्हणालेत, व्यायाम लिहून दिलेत. काल संध्याकाळी त्याचा फोन आला, "ताई, विहिरीच्या मोटरपर्यंत जाऊन आलो." घरापासून मोटर किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. मधे दोनदा बसला असेल.