दहा पॉइंट दहा

सकाळी भाचेबुवांचा, म्हणजे ज्यांच्या घराची ड्रॉइंगं मी करतोय त्या पार्टीचा, फोन आला. "सर, जिन्याचं ड्रॉइंग मिस्त्रीला द्यायच्या आधी एकदा मामांना दाखवा. आकडे ते तपासून देतील."

म्हणजे रेघा मी मारायच्या आणि माझं गणित शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे करणाऱ्या माणसानं तपासायचं. दाखवतो म्हणालो. फोन ठेवल्यावर मनात जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्रकरण आहे जिन्याचं. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती असलेलं जुनं घर पाडून नवीन बांधायचंय. २०१९ ला पंचगंगा घरात आली, २०२१ ला परत येऊन गेली. त्यामुळं तळमजल्याचा माळा पाण्याच्या खुणेच्या वर गेला पाहिजे, असं घरातल्या सगळ्यांचं एकमत. (एकमत झालेली ही एकच गोष्ट.) म्हणून दहा फुटांची उंची दहा फूट दहा इंच झाली. एवढ्या उंचीला किती पायऱ्या बसतात आणि एकेक पायरी किती उंच, हा चौथीच्या पोराचा भागाकार. त्यात भांडायला काही असेल असं मला तरी वाटलं नव्हतं.

आमच्या धंद्यात मापांची खिचडी असते, ती बाहेरच्याला कळत नाही. मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये, कारण बांधकाम नियमावली मीटरमध्ये. पार्टी बोलते फुटात. मिस्त्री बोलतो सुतात, एका इंचाची आठ सुतं. वाळू येते ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट, आणि जागा असते गुंठ्यात. दिवसभर हे त्यात आणि ते ह्यात करत बसायचं. त्यासाठी ऑटोकॅडच्या, म्हणजे आम्ही ज्यात ड्रॉइंग काढतो त्या सॉफ्टवेअरच्या, पोटातच एक कॅल्क्युलेटर दिलेला आहे, क्विककॅल्क नावाचा. कंट्रोल धरून आठ दाबला की बाजूला उघडतो. रेघ मारता मारता मध्येच उघडता येतो, आलेलं उत्तर एका बटणात थेट रेघेला देता येतं, स्क्रीनवरच्या दोन टोकांना क्लिक केलं की त्यांच्यातलं अंतर आणून देतो. मला तो आवडतो. ऑफिसात उलट न बोलणारा तेवढाच एक आहे.

तर त्या दिवशी भाचेबुवा मामांना घेऊन आले. मामा म्हणजे पांढरी विजार, पांढरी टोपी, आणि हातात पिशवी. पिशवीत मिठाई असेल असं आमच्या ऑफिसातल्या पोराला वाटलं. निघाला कॅल्क्युलेटर. बारा आकडी, पितळी पाटीएवढा रुंद, डबल झिरोचं बटण घासून गुळगुळीत झालेलं. मामांनी तो माझ्या टेबलावर, माझ्या माऊसला बाजूला सारून, मांडला.

"हं. चालू दे तुझं," म्हणाले. पंच आखाड्यात उभा राहिल्यागत.

मी क्विककॅल्क उघडला. मामा खुर्चीसकट पुढं सरकले.

"हे काय हाय?"

"कॅल्क्युलेटरच आहे, मामा. सॉफ्टवेअरमधला."

"ह्यात जीटी कुठं हाय?"

जीटी म्हणजे ग्रँड टोटल. दिवसभरात जेवढी बरोबरची बटणं दाबली तेवढ्यांची बेरीज. अडतीवर जीटीशिवाय पान हलत नसणार, हे मान्य. पण जिन्याला ग्रँड टोटल काय करायची? तसं सांगितलं.

"आणि डबल झिरो?"

"नाही."

मामांनी भाच्याकडं बघितलं. भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी स्क्रीनकडं बघितलं. डबल झिरो खरंच नव्हता. पायची किंमत आहे, घन करायचं बटण आहे, खाली साइन-कोसाइनची रांग आहे, गोल्डन रेशोसुद्धा भरून ठेवलाय. डबल झिरो नाही.

"सरक जरा," असं म्हणून मामांनी कीबोर्ड स्वतःकडं ओढला. कुणी कीबोर्ड ओढला की माझ्या मानेची शीर उडते, पण पार्टीचे मामा. त्यांनी पाच दाबला, अधिक दाबलं, पाच दाबला, परत अधिक दाबलं आणि थांबले. खिडकीत 'पाच अधिक पाच अधिक' एवढंच.

"धा कुठं हाईत?"

सांगितलं की हा लगेच हिशेब करत नाही. आधी सगळी मांडणी लिहून घेतो, चुकलं तर मधेच दुरुस्त करू देतो, आणि बरोबर दाबलं की मगच उत्तर देतो. माझ्या मते हा त्याचा गुण आहे.

"नव्या दिवाणजीगत नुसतं लिवून घेतंय," मामा म्हणाले. "बरं. आता बघ."

आणि त्यांनी घातलं : १०.१० गुणिले १२.

इथं जरा थांबून सांगावं लागेल. आपल्याकडं दहा फूट सहा इंच हे माप 'दहा पॉइंट सहा' असं बोलतात आणि तसंच लिहितात. सुतार, गवंडी, फरशीवाला, ग्रिलवाला, सगळे. भिंतीवर खडूनं लिहिलेलं १०.६ म्हणजे साडेदहा फूट हे सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळं काही बिघडत नाही. ह्या हिशेबात १०.१० हे १०.९ च्या पुढचं माप आहे, कारण नऊ इंचांनंतर दहा इंच येतात. क्रिकेटच्या ओव्हर बघणाऱ्या देशात हे कुणाला विचित्र वाटत नाही. फक्त जगातल्या कुठल्याही कॅल्क्युलेटरला हे माहीत नाही. त्याच्या लेखी १०.१० म्हणजे दहा फूट आणि एका इंचाहून थोडं जास्त.

उत्तर आलं १२१.२.

"चुकलं," मामा म्हणाले. त्यांनी तोंडी करून ठेवलं होतं. धा बारं ईसाशे, वर धा, एकशे तीस. "एकशे तीस इंच पायजेत. तुझं मशीन एकशे एकवीस म्हणालंय. नऊ इंच खाल्लं की रं!"

भाचेबुवांचा चेहरा उतरला. तेवढ्या नऊ इंचांत पुराचं पाणी शिरताना त्यांना दिसलं असणार.

मी म्हणालो, "मामा, मशीन चुकलेलं नाही. तुमच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. तिथंही हेच येणार."

मामांनी केलं. एकेक बटण सावकाश, आवाज येईल असं दाबून. १२१.२.

मला आत कुठंतरी शिट्टी वाजवावीशी वाटली. मामा आकड्याकडं बघत बसले. मग त्यांनी कॅल्क्युलेटर उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझ्यात इंच न्हाईतच. त्यो गुळाचा हाय. तुझा घराचा हाय म्हणतोस न्हवं? मग त्याला कळाया नगं?"

ह्याला उत्तर काय द्यायचं, मी अजून विचार करतोय.

उत्तर नसताना माणूस करून दाखवतो, तसं मी करून दाखवलं. कीबोर्ड परत घेतला. दहा, फुटाची खूण, दहा, इंचाची खूण. क्विककॅल्कला फूट-इंच नीट कळतात, त्या खुणा दिल्या की तो सगळ्याचे इंच करतो. बरोबर दाबल्यावर १३०. त्यालाच वीसनं भागलं, साडेसहा. वीस पायऱ्या, साडेसहा-साडेसहा इंचाच्या. सुताचा पण घोळ नाही. इतकं सरळ उत्तर आमच्या धंद्यात क्वचित मिळतं.

"ह्या टिकल्या कशाला दिल्यास?"

"फुटाला एक, इंचाला दोन. त्यामुळं त्याला कळतं."

"म्हंजे तू सांगितल्यावर त्याला कळतंय," मामा भाच्याला म्हणाले. "सांगितल्यावर आमच्या बैलालाबी कळायचं."

चहा आला. मला वाटलं, संपलं. पण मामांनी बशीत ओतता ओतता 'वीस' हा आकडा पकडला होता.

"वीस न्हाई चालणार. पायऱ्या विषम पायजेत."

तिथून पुढं जे झालं त्याचा कॅल्क्युलेटरशी संबंध नाही, पण भोगावं लागलं म्हणून सांगतो. आम्ही पायऱ्या मोजतो त्या उभ्या उंचीच्या. त्यातलं शेवटचं पाऊल वरच्या मजल्याच्या फरशीवर पडतं. ते पाऊल पायरीत धरायचं की नाही? धरलं तर वीस, सम. नाही धरलं तर एकोणीस, विषम, आणि सगळेच सुखी. मी अर्थातच न धरणाऱ्यांच्या बाजूनं झालो. मामांनी डोळे मिटून मनातल्या मनात जिना चढून बघितला, टेबलाखाली पाय हलत होते, आणि डोळे उघडून निकाल दिला : धरायचं. मग मी म्हटलं, खरोखरच एकोणीस करू, एक पायरी वाचेल. १३० भागिले १९, सहा इंच पावणेसात सूत, नियमात बसतं. तर भाचेबुवा म्हणाले, आईचे गुडघे. पायरी उंच नको. म्हणजे एकवीस.

१३० भागिले २१. क्विककॅल्क म्हणाला ६.१९०४ आणि पुढं बरीच शेपटी. ड्रॉइंगवर माप टाकलं तर ६ पूर्णांक ३/१६ इंच आलं. मामा चष्मा कपाळावर घेऊन स्क्रीनजवळ गेले.

"तीन सोळांश कुणाला सांगणार? मिस्त्री पळून जाईल. सहा इंच दीड सूत म्हण."

बरोबर तेवढंच होतं. तीन सोळांश म्हणजे दीड सूत. कॅल्क्युलेटर उलटा पडलेला, कागद नाही, पेन नाही. आणि हेच मला जास्त लागलं. गडी साधा खुळा असता तर मी कधीच विसरून गेलो असतो.

त्या वाढलेल्या एका पायरीचं काय झालं, ते मात्र कुणी विचारलं नाही. मधे चौक घेऊन वळणारा जिना, वीस पायऱ्यांना दहा फूट सहा इंच लांबी पुरत होती. एकवीस केल्यावर एका बाजूला अकरा झाल्या, जिना दहा इंचांनी लांबला. दोन्हीकडं दुसऱ्यांच्या भिंती. मग ते दहा इंच आले मागच्या संडासातून. आता तिथं दार आत उघडत नाही, बाहेर उघडतं ते जिन्याखाली आपटतं, आणि त्याचं ड्रॉइंग बदलायला माझी अख्खी रात्र गेली. त्याचे पैसे मागितले तर भाचेबुवा म्हणाले, "एका पायरीचे कसले पैसे, सर? कॉम्प्युटरवर तर करताय."

हे वाक्य मी मरेपर्यंत ऐकणार आहे. फरशीला चौरस फुटाचा दर विचारतात आणि देतात. नळाच्या तोटीला हजारो रुपये देतात, कारण तोटी हातात येते. ड्रॉइंग म्हटलं की रेघा, आणि रेघा कॉम्प्युटर मारतो. बरं, उत्तर बरोबर आलं तर श्रेय कॉम्प्युटरला, चुकलं असं कुणाला नुसतं वाटलं तरी खापर माझ्यावर. हल्ली पार्टी समोर बसून फोनवर ताळा करते. डॉक्टरसमोर बसून औषध शोधणारे असतात, त्यातलेच हे. फरक एवढाच की डॉक्टर फी आधी घेतो.

जाताना मामा दारात थांबले. परत आले. पिशवीतून कॅल्क्युलेटर काढून माझ्या टेबलावर ठेवला. "असू दे तुझ्यापाशी. अडतीवर दुसरा हाय. तुझ्या मशीनवर लई भरोसा ठेवू नगंस." अपमान म्हणावा तर चेहऱ्यावर खरीखुरी माया होती. नको म्हणायची सोय नव्हती. आता आमचा ऑफिसातला पोरगा त्याच्यावर चहाचं बिल करतो आणि मुद्दाम माझ्याकडं बघून जीटी दाबतो.

आणि जिन्यात अर्ध्यावर पोचल्यावर मामांनी खालून विचारलं, "त्यात गुंठा हाय का रं?"

"काय?"

"गुंठा! तीन भावांत वाटणी करायची हाय."

बघितलं. एकर आहे, हेक्टर आहे. गुंठा नाही. तसं ओरडून सांगितल्यावर खालून "मंग कशाला ठेवलंय" असं काहीतरी ऐकू आलं आणि स्कूटर चालू झाली.

रात्री ते संडासाचं दार हलवता हलवता राहवेना. ऑटोकॅडची मापं एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असतात, त्यात आपलं माप भरता येतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट. भरलं. साडेतीन गुंठे घालून बघितले, ३८११.५ चौरस फूट, तिघांत प्रत्येकी १२७०.५. चोख.

मामांना अजून कळवलेलं नाही. कळलं तर उद्या सातबारा घेऊन बसतील, आणि बरोबर दोन भाऊ असतील.