सर्व्हरचा कोड खुला, म्हणून लॅबही खुली? काहीही!

माझी आतेबहीण शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लॅबसाठी सांबा सर्व्हर (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर; मुलांची खाती आणि विंडोज मशीन्सवरचे निर्बंध एका जागेवरून सांभाळतं) बसवायचं जवळपास ठरलं होतं, तेवढ्यात शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला आणि सगळं अडलं. त्याचं म्हणणं असं: ओपन सोर्स सर्व्हरचा कोड सगळ्यांना दिसतो, त्यामुळे मुलं निर्बंध तोडणारच, लिनक्सच्या सर्व्हरवरून विंडोजची मशीन्स लॉक करता येत नाहीत, सर्व्हर बंद पडला की लॅब बंद, फुकटच्या मालाला वाली नसतो. मग उपाय? सगळ्या मशीन्सवर एकच अ‍ॅडमिन पासवर्ड (मशीनवर काहीही बदलायची मुभा देणारा) टाका आणि निर्धास्त राहा. वर ‘तज्ज्ञांचा इशारा’. कोणते तज्ज्ञ, ते विचारू नका.

आधी दुसरा मुद्दा, कारण तो कळला की पहिल्यात काही उरत नाही. समजा मुलांसाठी कंट्रोल पॅनल बंद करायचंय. तो नियम सर्व्हरच्या सिसव्हॉल या शेअर्ड फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत असतो. मूल लॉगिन करतं तेव्हा मशीन ती फाइल वाचतं, पुढे दर दीड-दोन तासांनी पुन्हा बघतं. कंट्रोल पॅनल बंद करतं ते विंडोजच. फाइल विंडोज सर्व्हरने दिली की सांबाने, याचं त्याला सोयरसुतक नाही. सांबा हे काम डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून करतंय.

आता ‘मुलं कोड वाचतील’. वाचू देत की! ती नियमांची फाइल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याला वाचता येते. वाचताच आली नाही तर त्याचं मशीन नियम लावणार कुठून? ती बदलता येऊ नये, एवढंच बघायचं असतं, आणि ते परवानग्यांवर ठरतं.

लपवाछपवीवर विसंबलं की काय होतं, याचा दाखला बंद कोडवाल्यांच्याच घरचा आहे. सगळ्या मशीन्सचा लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड एकदम बदलायची सोय मायक्रोसॉफ्टच्या ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेस या सेटिंग्ज लावायच्या साधनात होती. पासवर्ड त्याच सिसव्हॉलमध्ये, एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपात, ठेवलेला. पण तो उलगडायची किल्ली सगळ्या जगाला एकच, आणि ती कंपनीने स्वतःच आपल्या कागदपत्रांत छापलेली! शेवटी मे २०१४ मध्ये एमएस१४-०२५ या अपडेटने नवे पासवर्ड असे साठवणं बंद झालं. आधीच्या फाइली मात्र ज्याच्या त्याने शोधून काढायच्या होत्या.

आणि आमचे फॉरवर्डवाले तज्ज्ञ काय सुचवतात? सगळीकडे एकच पासवर्ड! सर टाइप करत असताना एका पोराने मागून बोटं बघितली की अख्खी लॅब त्याची, आणि संध्याकाळपर्यंत वर्गाची. या संपूर्ण मेसेजमधली खरोखर घातक ओळ हीच. प्रत्येक मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड वेगळा हवा, आणि मुलांच्या खात्यांना अ‍ॅडमिनचे हक्क अजिबात नकोत.

सर्व्हर बंद पडण्याबद्दल: मशीनवर शेवटी लॉगिन केलेली दहा खाती विंडोज मुळातच लक्षात ठेवतं, आणि लागलेले निर्बंधही तसेच राहतात. अकरावं मूल अडकेल, हे मान्य. नेटही अडखळेल, कारण डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बहुधा त्याच सर्व्हरवर असतं. म्हणून दुसरा सर्व्हर ठेवतात. सांबात दोघांमधलं सिसव्हॉल जुळवून ठेवायची व्यवस्था आपल्याला करावी लागते, हा कंटाळवाणा भाग खरा आहे. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला, म्हणजे अशा सर्व्हरच्या ताब्यातल्या मशीन्सच्या गटाला, जोडता येत नाही, हेही खरं; पण ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरलाही जोडता येत नाही.

फुकट आणि वाली? शाळांसाठीचं स्कोलेलिनक्स हे मोफत लिनक्स नॉर्वेत २००१ मध्ये सुरू झालं, पुढे डेबियन या लिनक्स प्रकल्पाचा भाग झालं. पैसे मोजून सपोर्ट हवा असेल तर सांबासाठी तोही मिळतो.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं की यातला एकही नियम लागत नाही, सर्व्हर कुणाचाही असो. त्यासाठी बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन यूएसबी बूट बंद करायचं आणि बायोसला पासवर्ड घालायचा. याबद्दल त्या लांबलचक फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.