दंड वाढवून डॉक्टर टिकत नाही

"बॉण्डचा दंड दहा लाखांचा पन्नास लाख करा. तरी गेले नाहीत तर रजिस्ट्रेशनच रद्द करा!" आमच्या शाळेच्या ग्रुपवर आठवडाभर हेच चाललंय. बॉण्ड म्हणजे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सरकारी सेवा करायची, नाहीतर दंड भरायचा. निमित्त आमच्या कोल्हापूरच्या पश्चिम भागातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राचं. तिथली एमओ, म्हणजे मेडिकल ऑफिसर, सोडून गेली, नवीन कुणी येईना. मग नेहमीचंच: सरकारच्या पैशावर शिकतात आणि गाव नको म्हणतात. शेवटी एकाने मलाच ऐकवलं, "तू ऑस्ट्रेलियात जाऊन बसलीस, तुला काय कळणार?"

मला कळतं. बॉण्डचं वर्ष मी घाटाकडेच्या एका केंद्रात पूर्ण काढलं आहे. डोंगरी भागात वीस हजार लोकांमागे एक केंद्र असा सरकारी निकष. माझ्याकडे त्याहून जास्त लोक होते. कागदावर दोन एमओ, त्यातले एक कायम डेप्युटेशनवर. क्वार्टर गळकं, दाराला आतून कडी नाही. जुलैत लाईट गेलेली असताना बाळंतपण अडलं की १०८ बोलवायची आणि कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलपर्यंत बाईचा हात धरून बसायचं. रजा मागितली तर उत्तर ठरलेलं, "बदली माणूस कुठून आणू?" आणि तरीही रोप लावणीच्या दिवसांत घोणस चावलेला गडी वाचला, त्याची आई नाचणीच्या भाकऱ्या घेऊन आली. "मॅडम, तुमी हायसा म्हणून जीव थाऱ्यावर हाय." तसं इथे मला कुणी म्हणत नाही.

पण इथे मी टिकले आहे. क्वीन्सलंड राज्याच्या आतल्या भागातलं हे गाव, ब्रिस्बेनहून गाडीने दिवसभर लांब. ब्राऊन स्नेक हा इथला विषारी साप चावलेला माणूस रात्री आला तर टेलिहेल्थच्या स्क्रीनवर मोठ्या हॉस्पिटलचा कन्सल्टंट माझ्यासोबत असतो. हलवायचं ठरलं की फ्लाइंग डॉक्टरचं विमान येतं. ती सेवा १९२८ पासून चालू आहे. मी सुट्टीवर गेले की लोकम, म्हणजे बदली डॉक्टर, येतो. बाळंतपणाचं जादा प्रशिक्षण घेतलेल्या रुरल जनरलिस्टला, म्हणजे खेड्यात सगळं बघणाऱ्या डॉक्टरला, इथे मान आहे, पगारही शहरापेक्षा बरा. आपल्याकडे खेड्यातला एमबीबीएस म्हणजे पीजीची सीट मिळाली नाही म्हणून उरलेला, असं त्याचे आईवडीलच समजतात. तिथे दंड वाढवून काय होणार? ज्याच्या बापाकडे पैसे आहेत तो भरेल, ज्याच्याकडे नाहीत तो वर्ष मोजत बसेल.

ग्रुपवर कुणी म्हणेल, सक्ती तिकडेही आहेच की. आहे. १९९७ पासून बाहेर शिकलेल्या डॉक्टरला पहिली दहा वर्षं मेडिकेअरचं, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य विम्याचं, बिलिंग डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या भागातच करता येतं. मी या गावात आले ती त्याच नियमामुळे. माझ्याबरोबरचे काही जण मुदत संपताच ब्रिस्बेनला गेले. मी थांबले, कारण नवऱ्याला इथल्या कौन्सिलमध्ये काम मिळालं, मुलांना शाळा आवडली आणि रात्रीची ड्युटी वाटून घ्यायला दुसरी डॉक्टर होती. यातलं एकही कारण कायद्यात लिहिलेलं नाही. आपल्याकडे डॉक्टरबाईच्या नवऱ्याला गावात काय काम मिळेल, हे कुणी विचारतं का?

आणि डॉक्टर निवडतो तरी कुठून? क्वीन्सलंडमधल्याच टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात २००० साली मेडिकलचं शिक्षण सुरू झालं. तिथे त्याच भागातल्या, लहान गावांतल्या मुलांना मुद्दाम घेतात आणि लहान हॉस्पिटलांतच शिकवतात. त्यातले पुष्कळ जण तसल्याच गावांत काम करतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० मध्ये हेच सांगितलं, खेड्यात वाढलेल्यांना प्रवेश द्या. कोल्हापूरला हे बाहेरून शिकायची गरजच नव्हती. खेड्यातलं पोर शहरात शिकायचं तर आधी राहायची सोय हवी, हे ओळखून शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, पुढे इतर समाजांसाठीही वसतिगृहं काढली. आज चंदगड, आजरा, शाहूवाडीतल्या हुशार पोरीला नीटच्या क्लासची फी परवडत नाही, म्हणून ती नर्सिंगला जाते. तिच्यासाठी तालुक्यात मोफत क्लास आणि राहायची सोय करा, मग बॉण्ड घाला. ती तिथेच राहण्याची शक्यता माझ्या कुठल्याही शहरी वर्गमित्रापेक्षा जास्त आहे.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं तर एकच उत्तर आलं, "मग तू ये परत." एवढा राग मला दंडाच्या गोष्टीनेही आला नव्हता. इथल्या गुरं पाळणाऱ्या म्हाताऱ्यांच्या साखरेचे आकडे मला तोंडपाठ आहेत, आणि माझ्या आईचं बीपी कोण बघतं हे मी फोनवर विचारते. ज्या केंद्रावरून हा वाद पेटला, ते तिचंच. मी या गावाची झाले आहे, त्याची मला लाज नाही. पण त्या केंद्रात पुढच्या महिन्यात एखादी पोरगी रुजू झाली, तर आधी तिच्या क्वार्टरच्या दाराला कडी आहे का ते जाऊन बघा. खर्च मी पाठवते.