दाजी रेझ करतात म्हणून राणीच्या जोडीची वाट बघायची?

पोकर खेळणाऱ्या आमच्या पोरांमध्ये एक मेसेज वर्षभर फिरतोय. म्हणे, दर डावाला रेझ करणारा (लावलेली रक्कम वाढवणारा) समोर असेल तर मोठी जोडी येईपर्यंत पॅक होत राहा, म्हणजे पत्ते टाकत राहा; मधेच हातात काही नसताना त्याच्याहून मोठा ब्लफ मारून त्याला घाबरवा; आणि काहीच जमेना तर नुसते टिकून राहा, असला माणूस आपोआप बुडतो.

उन्हाळ्यात परभणीजवळच्या आमच्या शेतातल्या आखाड्यावर टूर्नामेंट होते. पैसा नाही, चिंचोके. बक्षीस म्हणून मामा झाडाचे केशर आंबे ठेवतात. तिथं दाजी पत्ते धड उचलायच्या आधी रेझ करतात, आणि हा मेसेज पाठ केलेले सगळे त्यांच्यापुढं आडवे होतात.

आधी मोठ्या जोडीचं बघू. हातात येतात दोनच पत्ते. एक्का, राजा किंवा राणीची जोडी सरासरी 74 डावांत एकदा येते. सहा जण बसले असतील तर 74 डाव म्हणजे बारा फेऱ्या. दर फेरीला दोन्ही ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच आळीपाळीनं लावायची सक्तीची रक्कम: एक बिग ब्लाइंड आणि एक त्याच्या निम्मा) मिळून दीड बिग ब्लाइंड जातो, म्हणजे एकूण 18. तुमच्याकडं 20 असतील तर राण्या येतील तेव्हा लावायला दोन उरले. तेही ब्लाइंड वाढले नाहीत तर, आणि टूर्नामेंटमध्ये ते वाढतातच.

ही दबकायची सवय तीन पत्तीतून आली असावी. तिथं न बघता खेळणाऱ्याला बघणाऱ्याच्या निम्मी चाल लागते, त्यामुळं आंधळी दांडगाई स्वस्त पडते. पोकरमध्ये अशी सवलत कुणालाच नाही. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 100 चिंचोके असताना दाजींनी हातात काही नसताना आणखी 100 लावले, तर निम्म्याहून जास्त वेळा आपण पत्ते टाकले तरच त्यांना ते परवडतं. आपल्याला मात्र कॉल करून (तेवढेच लावून) तिनातून एकदा जिंकलं तरी बरोबरी होते. आणि जो कुठल्याही दोन पत्त्यांवर ऑल-इन ढकलतो, म्हणजे होते नव्हते ते सगळे लावतो, त्याच्यापुढं साधी एक्का-सत्तीसुद्धा 60 टक्क्यांच्या आसपास जिंकते. म्हणजे वाट बघायची ती राण्यांची नाही, बऱ्यापैकी पत्त्यांची.

बरे पत्ते लागले की पुन्हा रेझ करायची घाई मी करत नाही. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी (काळोखा भुयारी रस्ता) ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल: शत्रूला दारात अडवायचं नाही, आत येऊ द्यायचं. फ्लॉपला (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले की) चेक, म्हणजे काही न लावता पाळी पुढं; टर्नला (चौथ्या पत्त्याला) चेक. दाजी स्वतःहून चिंचोके आणून टाकतात. (त्यांच्यानंतर आपली पाळी येईल अशी जागा मिळाली तर फार बरं. चिठ्ठी टाकून जागा ठरतात, तरी मी माठ जवळ असल्याचं निमित्त करून बघतो.)

घाबरवायचं म्हणाल तर आधी एवढंच बघा, समोरचा पत्ते टाकतो का? दाजी फ्लॉपनंतर टाकत नाहीत. "मेव्हण्या, तू टाक की, मला काय सांगतो?" असं म्हणून तिरीवर कॉल करतात. त्यांना ब्लफ मारणं म्हणजे चिंचोके विहिरीत टाकणं. पण फ्लॉपच्या आधी, आपल्याकडं 15-20 बिग ब्लाइंड असताना, त्यांच्या रेझवर ऑल-इन जाणं वेगळं. तिथं ते रेझ कशावरही करतात, पण कॉल करायला त्यांनाही बरे पत्ते लागतात. मेसेजवाल्यानं हे दोन्ही एकाच पोत्यात भरलं.

आपोआप बुडण्याची गोष्ट निम्मी खरी आहे. बुडतात, पण त्याआधी सगळ्यांचे ब्लाइंड गिळून. आणि बक्षिसाच्या उंबरठ्यावर दाजींचंच बरोबर असतं, हे कबूल करायला हवं. पहिल्याला 24 आंबे, दुसऱ्याला 12, तिसऱ्याला 6. चौघं उरलेत, सगळ्यांकडं सारखे चिंचोके. प्रत्येकाच्या वाट्याची किंमत साडेदहा आंबे. आता ऑल-इन कॉल करून जिंकलात तर चिंचोके दुप्पट होतात, आंबे नाही. हिशोब केला तर ते 17 च्या आसपास येतात, कारण उरलेले दोघं अजून आहेतच. हरलात तर शून्य. म्हणजे ब्लाइंड बाजूला ठेवले तर निम्म्या वेळा जिंकून भागत नाही, 62 टक्के लागतात. सुरुवातीला डोळे झाकून कॉल केलेली तीच एक्का-सत्ती इथं टाकायची. दाजी हे गणित मांडत नाहीत, पण लोक इथं टाकतात हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

यंदा नेमके असेच चौघं उरलो होतो. दाजी ऑल-इन, माझ्याकडं सत्त्यांची जोडी. कुठल्याही दोन पत्त्यांपुढं ती 66 टक्के जिंकते, म्हणून कॉल केला. त्यांनी नव्वी-चव्वी उघडली. रिव्हरला, म्हणजे शेवटच्या पाचव्या पत्त्याला, नव्वी आली.

मी चौथा. दाजी 24 आंबे घेऊन गेले. संध्याकाळी ताईनं त्यातले सहा पदराखाली झाकून आणून दिले.