सापासाठी पेटी मागितली, सगळे शोकेस विकतायत

"एवढी मोठी पेटी कशाला? साप तर वेटोळं करून एका कोपऱ्यात पडलेला असतो!" हे वाक्य पुन्हा कोणी ऐकवलं तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. अहो, तुम्हीपण रात्रभर पलंगाच्या एका कडेलाच पडलेले असता ना? मग पाथर्डी फाट्याला थ्री बीएचके कशाला बुक केला? रात्री अकरानंतर या बघायला. तेच वेटोळं सुटून पूर्ण लांब होतं, फांदीवर चढतं, काचेला नाक लावत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतं. माझ्याकडे आहे त्या बॉल पायथनची, म्हणजे एका बिनविषारी परदेशी अजगराची, मादी वाढून चार-पाच फुटांची होते. तिला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटी लागते. यात मिजास कसली? अंग सरळ करायला जागा हवी, बास.

कायदा शिकवायला येणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो. नाग, धामण, अजगर, इथला कुठलाही साप घरात पाळणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, आणि बसत असतं तरी पाळू नये. बॉल पायथन पश्चिम आफ्रिकेतला, साइटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टातला. 2024 च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, ती केलेली आहे. आणि नाही, दूध पाजत नाही. नागपंचमीलासुद्धा नाही. झालं समाधान?

आता मूळ दुखणं. नाशकात माशांच्या टाक्या विकणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत. सापाचं नाव काढलं की प्रत्येकजण तीच टाकी पुढे सरकवतो. मागे निळं पोस्टर, खाली रंगीत खडे, प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, वर एलईडीची पट्टी. "यात ठेवा दादा, मस्त दिसतो." दिसतो! कोणाला दिसतो? हा प्राणी त्याच्या मुलखात दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात दडून बसतो. त्याला चारही बाजूंनी उघड्या काचेत, डोक्यावर झगझगीत लाईट लावून ठेवला तर तो घाबरून खाणंच सोडतो. मग हेच लोक फोन करतात, साप जेवत नाही, कुठलं औषध देऊ? औषध कसलं डोंबलाचं! टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा आणि ती एलईडी काढा आधी.

आणि त्या टाकीचं झाकण. नुसतं वर ठेवलेलं! दुकानदार म्हणे, "वर वीट ठेवा ना." म्हणजे साप नाकाने झाकण उचलणार, वीट आत पडणार, आणि मी आयुष्यभर त्या दुकानाला दुवा देणार. जाळीचं झाकण घ्यावं तर ऊब आणि ओल दोन्ही वरून निघून जातात. एप्रिलमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी होते की साठ टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी आर्द्रता तिशीत येते. मग कात अख्ख्या मोज्यासारखी निघायची ती तुकड्यातुकड्यांनी निघते, आणि डोळ्यांवरचा पापुद्रा तसाच अडकून राहतो. हा ताप दुकानदाराच्या गावीही नाही. त्याची टाकी खपली, विषय संपला.

उबेचं तर विचारूच नका. पेटीची एक बाजू 31-32 अंशांवर आणि दुसरी 25-27 वर लागते. साप स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही, तो इकडून तिकडे सरकून ते जुळवतो. म्हणून तर लांबी हवी, आणि दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा हवी, नाहीतर तो लपण्यासाठी थंडीत कुडकुडत बसतो. हे सगळं समजावून सांगितलं की उत्तर काय मिळतं? "साठचा बल्ब लावा आत." उघडा बल्ब आत! साप त्याला विळखा घालून बसतो, आणि चटका लागतोय हे त्याला वेळेवर कळत नाही. पोटाचे खवले भाजलेला साप एकदा बघा, मग बल्ब विका. हीट मॅट, म्हणजे पेटीखाली ठेवायची विजेची गरम चटई, विकणारे त्याहून थोर. ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट मागितला की म्हणतात, "गरज नाही, ती गरमच किती होते?" थर्मोस्टॅटशिवाय मॅट काचेखाली किती तापेल याचा नेम नाही, हे डब्यावर छापलेलं असतं हो, वाचा!

शेवटी थर्मोस्टॅट मिळाला तो अंडी उबवायच्या मशीनचं सामान विकणाऱ्याकडे. त्या बिचाऱ्याने सेन्सर कुठे ठेवायचा तेसुद्धा नीट विचारलं. तळाला पसरायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नर्सरीत मिळालं, पण तिथेही खत मिसळलेलं नाही ना हे बघून घ्यावं लागतं. लपायला कुंभाराकडची कुंडी, तोंड फोडून, कडा पॉलिश पेपरने घासून. म्हणजे कोंबडीवाले, माळी, कुंभार सगळे उपयोगी पडले. पेट शॉपवाले सोडून.

हिवाळ्यात निफाडचा पारा घसरला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. लोक कौतुकाने फॉरवर्ड करतात. आमच्याकडे त्याच रात्री लाईट जाते आणि मी पेटीभोवती थर्मोकोल लावून वर गोधडी टाकत असतो. खालच्या मजल्यावरच्या काकू विचारतात, "नागोबाला थंडी वाजते का रे?" वाजते, काकू. निदान तुम्ही विचारता तरी.

म्हणून म्हटलं, पेटी बनवूनच घेऊ. प्लाय नको म्हणून निक्षून सांगितलं, ओलीने फुगतो. किचनच्या ट्रॉल्यांना वापरतात ती पीव्हीसी शीट, समोर शोकेससारख्या सरकत्या काचा, शोकेसचं कुलूप, वायरला एक भोक. एवढं सोपं काम. मिस्त्रीने आधी आतून पॉलिश मारायचा घाट घातला, "चकाचक दिसेल." परत दिसेल! त्या वासात साप ठेवायचा? ते थांबवलं. मग काच टफन, म्हणजे तापवून कडक, करून आणली आणि हवेसाठी भोक पाडायचं राहिलं म्हणाला. टफन काचेला नंतर भोक पडत नाही, ती फुटते. हे मी त्याला सांगतोय!

आता पेटी आली आहे, आणि दोन सरकत्या काचांच्या मध्ये माझा अंगठा सहज जातो. चॅनल तिरकं बसलंय. गुरुवारी येतो म्हणाला, कुठला गुरुवार ते बोलला नाही. काल फोन केला तर म्हणतो, "तोवर सेलोटेप लावून घ्या ना भाऊ." सेलोटेप! सापाच्या पेटीत! खवल्यांना चिकटली की ओढताना कातडी सोलून निघते. यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. चॅनल मीच उकलून बसवतोय, आणि राहिलेले पैसे मागायला तो येऊन तर बघू दे.